थेंब कुठून येतो?

धावपट्टीच्या कडेला एक लहान विमान उभे आहे. इंजिन बंद आहे. पण नाकाखालची जमीन ओली झाली आहे आणि तिथे थोड्या थोड्या वेळाने पेट्रोलचा एकेक थेंब पडतो आहे. स्कूटरखाली असा डाग दिसला तर आपण फार तर पेट्रोलचा कॉक बंद करतो आणि उद्या गॅरेजमध्ये नेऊ म्हणतो. विमानाचे तसे चालत नाही. थेंब कुठून येतो हे कळल्याशिवाय ते उडवता येत नाही.

असे का? आणि तो थेंब शोधायचा कसा? विद्यार्थी मित्रांनो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तुमच्या शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहेत. द्रवाचा दाब, तरफ आणि आर्किमिडीजचे तत्त्व एवढी शिदोरी आपल्याला पुरेल.

टाकीतला बॉलकॉक आणि विमानातला फ्लोट

उदाहरणासाठी सेस्ना १७२ हे चार आसनी विमान घेऊ. त्याचे पहिले उड्डाण १९५५ साली झाले. १९८६ पर्यंत बनलेल्या या जातीच्या बहुतेक विमानांच्या इंजिनांना कार्ब्युरेटर आहे. विमानाचे पंख वर आहेत आणि पेट्रोलच्या टाक्या पंखांत आहेत. कार्ब्युरेटर इंजिनाच्या खालच्या बाजूला बसवलेला असतो. त्यामुळे पेट्रोल आपल्याच वजनाने टाकीतून त्याच्याकडे उतरते.

कार्ब्युरेटरचे काम हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळण्याचे. हवा ज्या नळीतून इंजिनात जाते ती मध्ये थोडी अरुंद केलेली असते. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. तिथेच एक बारीक तोटी उघडते. तोटीचे दुसरे टोक पेट्रोलच्या छोट्या वाटीत असते. वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब, तोटीच्या तोंडाशी कमी दाब. म्हणून पेट्रोल तोटीतून वर चढते आणि हवेत फवारले जाते.

इंजिन थांबले की हवेचा ओघ थांबतो, दाबातला फरक नाहीसा होतो आणि फवारा बंद पडतो. मात्र यासाठी एक अट आहे. वाटीतल्या पेट्रोलची पातळी तोटीच्या तोंडापेक्षा थोडी खाली, काही मिलिमीटर खालीच, राहिली पाहिजे. पातळी तोंडाच्या वर गेली तर इंजिन बंद असतानाही पेट्रोल वाहू लागेल.

ही पातळी राखतो कोण? तुमच्या घराच्या गच्चीवरील टाकीत जो राखतो तोच! टाकी भरत आली की बॉलकॉकचा गोळा वर उचलला जातो आणि नळ बंद होतो. कार्ब्युरेटरच्या वाटीतही एक तरंगता फ्लोट असतो. तो वर आला की तरफेच्या साहाय्याने एक टोकदार सुई पेट्रोल येण्याच्या भोकात घट्ट बसवतो. अशी रचना १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने वापरली. राइट बंधूंच्या १९०३ च्या इंजिनात मात्र फ्लोट नव्हता. पेट्रोल वरच्या टाकीतून थेट हवेच्या वाटेत उतरत असे.

तीन ग्रॅमची करामत

आता थोडे गणित करू. आकडे समजुतीसाठी सोयीचे घेतले आहेत.

समजा, टाकीतल्या पेट्रोलची पातळी कार्ब्युरेटरपेक्षा १ मीटर उंच आहे. विमानाच्या पेट्रोलची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.७२ ग्रॅम असते. म्हणजे भोकाशी दर चौरस सेंटिमीटरला ७२ ग्रॅम-भार इतका दाब आला. भोकाचे क्षेत्रफळ ०.२ चौ. सेंमी. धरले तर पेट्रोल सुईला सुमारे १४.४ ग्रॅम-भार इतक्या बलाने खाली ढकलते. तरफेमुळे फ्लोटचे बल चौपट होत असेल तर फ्लोटने ३.६ ग्रॅम-भार एवढेच बल वर लावायला हवे.

पण फ्लोटला आधी स्वतःचे वजन पेलायचे आहे. ते ६ ग्रॅम धरा. एकूण झाले ९.६ ग्रॅम-भार. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे फ्लोटने तेवढ्याच वजनाचे पेट्रोल बाजूला सारले पाहिजे. ९.६ ला ०.७२ ने भागले की येतात सुमारे १३.३ घ. सेंमी. फ्लोटचा इतका भाग बुडला की सुई बंद.

आता समजा, फ्लोटला केसाएवढी चीर पडली आणि आत ३ ग्रॅम पेट्रोल शिरले. एकूण भार १२.६ ग्रॅम झाला. आता १७.५ घ. सेंमी. भाग बुडावा लागेल, म्हणजे पूर्वीपेक्षा ४.२ घ. सेंमी. जास्त. फ्लोटचा आडवा छेद १० चौ. सेंमी. असेल तर सुई बंद होईपर्यंत पेट्रोल पूर्वीपेक्षा सुमारे ४ मिलिमीटर वर चढेल. तोटीचे तोंड तर काही मिलिमीटरच वर आहे! अवघ्या तीन ग्रॅमने वाटी ओसंडू लागते ती अशी.

थेंब धोक्याचा का?

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता इंजिनाच्या झाकणात तळाशी साचते. इंजिन सुरू करताना कधी कधी ज्वाला उलटी हवेच्या नळीत येते. तिथे ओले पेट्रोल असेल तर आग लागलीच म्हणून समजा. शिवाय वाटीतली पातळी चढली की उड्डाणातही मिश्रणात पेट्रोल जास्त होते. स्पार्क प्लगवर काजळी धरते आणि इंजिन अडखळत चालते. स्कूटर रस्त्याच्या कडेला उभी करता येते. विमानाला आकाशात कडा नसते.

शोध कसा घ्यायचा?

चांगला मेकॅनिक लगेच पाना हातात घेत नाही. आधी तो सर्व स्विच बंद करतो, पंख्यापासून दूर राहतो आणि आग विझवण्याचे साधन जवळ ठेवतो. मग एकेक प्रश्न विचारत जातो.

पहिला प्रश्न: ही खरोखर गळती आहे का? सुरू करताना चालकाने जास्त पेट्रोल आत सोडले असेल तर ते खालच्या हवेच्या पेटीतून ठिबकते आणि थोड्या वेळाने आपोआप थांबते. म्हणून सगळे पुसून कोरडे करायचे, पेट्रोलचा कॉक उघडायचा आणि स्वस्थ वाट पाहायची. पुन्हा थेंब आला तर गळती खरी.

दुसरा प्रश्न: थेंब बाहेरून येतो की आतून? जमिनीवरच्या डागावर विसंबून चालत नाही, कारण द्रव उतारावरून वाहतो आणि सर्वांत खालच्या टोकाला ठिबकतो. म्हणून ओल्या वाटेने वर वर जायचे. इथे पेट्रोलचा रंग मदतीला येतो. विमानांत सर्रास वापरले जाणारे १०० एलएल पेट्रोल मुद्दाम निळे केलेले असते. ते उडून गेले तरी निळा डाग मागे राहतो. डाग नळीच्या जोडाशी, वाटीच्या सांध्याशी किंवा तळाच्या बुचाशी सुरू होत असेल तर दोष बाहेरचा: गॅस्केट खराब झाले असेल नाहीतर स्क्रू सैल असेल. हवेच्या पेटीतून ठिबकत असेल तर वाटी ओसंडत असण्याचा संशय बळावतो.

तिसरा प्रश्न: वाटी का ओसंडते? कारणे मुख्यतः चार. सुई आणि तिची बैठक यांमध्ये कचरा अडकला असेल. सुईचे टोक झिजून त्यावर गोल खाच पडली असेल. फ्लोट जड झाला असेल किंवा वाटीच्या भिंतीला घासत असेल. अथवा फ्लोटची उंची चुकीची लावलेली असेल.

वाटीवर लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारली आणि गळती थांबली, तर बहुधा कचरा होता किंवा फ्लोट अडकला होता. पण इथे घाईने आनंद मानू नये. ही खूण आहे, उपाय नव्हे. सुटलेला कण वाटीतच फिरत असतो. तो आला कुठून, जाळी फाटली आहे की जुनी रबरी नळी आतून सुटते आहे, हे पाहिल्याशिवाय काम संपत नाही.

पोकळ पितळी फ्लोटची परीक्षा तर फारच सुंदर आहे. तो गरम पाण्यात बुडवून धरतात. आतली हवा तापते, तिचा दाब वाढतो आणि चीर असेल तर तिथून बुडबुडे येतात. डोळ्यांना न दिसणारी चीर वायूच्या नियमाने पकडली जाते!

दुरुस्तीनंतर कॉक पुन्हा उघडून तीच वाट पाहण्याची परीक्षा घेतात. अधिकृत परवानाधारकाने तपासून सही केल्यावरच विमान उडते.

फ्लोटची मर्यादा

फ्लोटचा सगळा भरवसा गुरुत्वाकर्षणावर. १९४० साली ब्रिटनवरील हवाई लढाईत हे वैमानिकांना चांगलेच जाणवले. स्पिटफायर विमानाने एकदम नाक खाली घातले की वाटीतले पेट्रोल वर उसळे आणि फ्लोटची गणिते उलटी होत. आधी इंजिनाची उपासमार, मग पेट्रोलचा पूर! १९४१ मध्ये बिअॅट्रिस शिलिंग या महिला अभियंत्याने पेट्रोलच्या वाटेत योग्य मापाच्या भोकाची एक साधी चकती बसवून हा पूर आवरला.

करून पाहा

पेट्रोलला हात लावू नका. घरची पाण्याची टाकी पुरे. मोठ्या माणसांना सोबत घ्या. टाकी भरून बॉलकॉक बंद झाला की पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करा. मग गोळ्याच्या वर १०० ग्रॅम वजन घट्ट बांधा. नळ पुन्हा सुरू होईल. तो बंद झाल्यावर पातळी किती चढली ते मोजा. त्याआधी उत्तर कागदावर काढून ठेवा: गोळा निम्मा बुडत असेल आणि त्याचा व्यास ११ सेंमी. असेल, तर छेद सुमारे ९५ चौ. सेंमी. आणि पातळीतली वाढ सुमारे १ सेंमी. येईल.

मोजलेले आणि काढलेले उत्तर जुळले नाही तर गोळा, तरफ आणि नळ यांपैकी एकेकाची चौकशी करा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गळती थांबेल, पण ती कशाने थांबली हे कधीच कळणार नाही.