चाळीस हजारांत काय काय मावतं!

१९९१ साली पुण्यात ‘परम ८०००’ तयार झाला. अमेरिकेकडून हवा तसा क्रे महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली होती. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या मंडळींनी तीन वर्षांत देशाचा पहिला महासंगणक उभा करून दाखवला. तो गिगाफ्लॉपच्या वर्गातला होता, म्हणजे सेकंदाला अब्जाच्या घरात दशांश अपूर्णांकांची गणितं करू शकणारा. आता हडपसरच्या गाडीतळावर सकाळी बसची वाट पाहणाऱ्या गर्दीकडे बघा. निम्म्या लोकांच्या पाठीला सॅक आहे आणि सॅकमध्ये लॅपटॉप. चार कोअरच्या अगदी साध्या लॅपटॉपचाही कागदावरचा कमाल वेग आज शंभर गिगाफ्लॉपच्या पुढे जातो. ज्या ताकदीसाठी देशाला एक संस्था काढावी लागली, तिच्या कितीतरी पट ताकद पीएमपीच्या बसमध्ये मांडीवर बसून मगरपट्ट्याला जाते. हा विचार मनात आला की मी दर वेळी थक्क होतो.

हे लक्षात ठेवून लॅपटॉप घ्यायला गेलं, की दुकानातलं बोलणं वेगळं ऐकू येतं. ‘आय फाइव्ह आहे, सर’ हे विक्रेता सगळ्यात आधी सांगतो, कारण प्रोसेसरचं नाव गिऱ्हाइकाला ठाऊक असतं. पण पत्रं, एक्सेलचे तक्ते, व्हिडिओवरच्या मीटिंगा, बँकेची कामं, मुलांचा अभ्यास, प्रवासात एखादा सिनेमा, एवढ्याला पुरेल इतकी गणितशक्ती आज जवळपास प्रत्येक यंत्रात असते. चाळीस हजारांच्या आतबाहेरचा लॅपटॉप अडतो तो दुसरीकडेच. रॅम तोकडी पडते, साठवण मंद असते, स्क्रीन फिका असतो, बॅटरी दुपारीच मान टाकते. पैसे तिथे घाला, असं मला अगदी कळकळीनं सांगायचं आहे. का घाला, हे कळायला मात्र आत डोकावलं पाहिजे.

रॅमपासून सुरुवात करू. ८ जीबी रॅम म्हणजे ६,८०० कोटींहून जास्त सूक्ष्म पेशी. प्रत्येक पेशीत एक इवलासा कपॅसिटर. त्यात विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. पण हा भार टिकत नाही, सारखा गळत राहतो. म्हणून डीडीआर४ प्रकारच्या रॅममध्ये प्रत्येक पेशी साधारण दर ६४ मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. सेकंदाला पंधरा वेळा! हजारो कोटी गळक्या घागरी कुणीतरी न थकता भरत राहावं, तसं हे काम तुम्ही अर्जातलं पुढचं वाक्य सुचेपर्यंत नुसते बसून असतानाही चालू असतं. वीज गेली की सगळ्या घागरी रिकाम्या. सेव्ह न केलेलं काम जातं ते यामुळेच.

विंडोज आणि ब्राउझर मिळून ८ जीबीतला मोठा वाटा सहज खातात. वर मीटिंग सुरू झाली आणि दहा-बारा टॅब उघडे असले, की जागा संपते. मग यंत्र रॅममधला मजकूर तात्पुरता डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. आपण ज्याला ‘हँग झाला’ म्हणतो, तो पुष्कळदा हा येण्याजाण्याचा वेळ असतो. तेव्हा ८ जीबीच्या खाली जाऊ नये, आणि जमेल त्यानं १६ जीबीच घ्यावी. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे रॅम बोर्डावर कायमची सोल्डर केलेली आहे, की रिकामा स्लॉट आहे? स्लॉट असेल तर आज ८ घेऊन पुढच्या वर्षी आणखी ८ टाकता येते. काही लॅपटॉपांत थोडी रॅम सोल्डर केलेली असते आणि एक स्लॉट मोकळा ठेवलेला असतो. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान तर उघडाच, शिवाय त्या मॉडेलची रॅम वाढवता येते का, हे विक्रेत्याकडून पक्कं करून घ्या.

साठवणुकीची गोष्ट याहून अद्भुत आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि वाचणारं टोक तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. सोलापूर रस्त्यावरच्या खड्ड्यांतून असं यंत्र पाठीवर चालू अवस्थेत न्यायचं, हा विचारच अंगावर काटा आणतो. एसएसडीमध्ये हलणारं काहीच नाही. तिथे इलेक्ट्रॉन एका विद्युतरोधक थरात अडकवून ठेवतात आणि विजेविना ते दीर्घकाळ तिथेच राहतात. एका पेशीतल्या भाराच्या आठ वेगवेगळ्या पातळ्या ओळखून तिच्यातून तीन बिट वाचले जातात. जमीन पुरेना म्हणून या पेशी आता एकावर एक रचतात. नखाएवढ्या चिपमध्ये शंभराहून जास्त थर! हार्ड डिस्क इकडेतिकडे विखुरलेल्या नोंदी सेकंदाला शंभरेक शोधू शकते. चांगली एनव्हीएमई एसएसडी लाखांच्या हिशेबात शोधते. जुना लॅपटॉप एसएसडी टाकल्यावर नव्यासारखा पळू लागतो, त्याचं कारण हे. फक्त एक खबरदारी घ्या. अगदी स्वस्त यंत्रांवर ‘ईएमएमसी’ असं लिहिलेलं असतं. ती बोर्डावर चिकटलेली, मंद आणि बहुधा फक्त ६४ किंवा १२८ जीबीची साठवण. रोजच्या कामाला ती घेऊ नका.

स्क्रीनबद्दल मराठी माणसानं जरा जास्तच आग्रही असावं. फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूत तांबडी, हिरवी, निळी अशा तीन पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीला स्वतःचा ट्रान्झिस्टर. बासष्ट लाख झडपा सेकंदाला साठदा आपली जागा ठरवतात. जुन्या १३६६ गुणिले ७६८ च्या स्क्रीनवर बिंदू याच्या जेमतेम निम्मे. इंग्रजी मजकूर तिथे निभावून जातो. देवनागरीला मात्र रेघेच्या वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. ‘तर्‍हा’ आणि ‘दुर्दैवं’ नीट दिसायला बिंदू दाट लागतात. एकेकाळी पडद्यावर देवनागरी उमटवायला संगणकात सी-डॅकचं वेगळं ‘जिस्ट’ कार्ड बसवावं लागे. आज ते सगळं काम यंत्राबरोबरच येतं. मग अक्षरांना जागा तरी पुरेशी द्यायला हवी. चौदा इंची फुल एचडी हे प्रवासासाठी मला सगळ्यांत जमलेलं माप वाटतं. पॅनेल आयपीएस असावं. दुकानात बारीक अक्षरातलं एखादं मराठी पान उघडा आणि बाजूनं, वरून, खालून बघा. रंग उलटे-पांढरे होत असतील तर पुढचा लॅपटॉप बघा. उजेड २५० निट असेल तर घरात चालतं. खिडकीशेजारी बसून काम करायचं असेल तर ३०० तरी हवा.

बॅटरीवर वॉट-तास लिहिलेले असतात. हा आकडा वाचायला शिकलात, की ‘दहा तास चालतो’ या जाहिरातीची गरज उरत नाही. साधं लिखाण-वाचन करताना लॅपटॉप सहा ते आठ वॉट खातो. जुना छताचा पंखा ७५ वॉट घेतो, तर प्रकाश, स्मृती, गणित आणि वायफाय मिळून त्याच्या दहाव्या हिश्श्यात बसतात. ४५ वॉट-तासांची बॅटरी सात वॉटवर सहा तासांहून थोडी जास्त जाईल. व्हिडिओ मीटिंग चालू असेल तर खर्च बराच वाढतो आणि वेळ तितकाच घटतो. आता विजेच्या बिलाशी ताडून बघा. एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास. चार्जरमध्ये जाणारी थोडी वीज धरली तरी बॅटरी पूर्ण भरायला रुपयापेक्षा कमी पडतो. रुपयाच्या आत दिवसभराचं ऑफिस! या लिथियम-आयन बॅटरीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते पटायला हा हिशेब पुरेसा आहे. विमानात सोबत नेण्याची नेहमीची मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. या किमतीतले जवळपास सगळे लॅपटॉप तिच्या आरामात खाली असतात.

प्रवास करणाऱ्यानं चार्जिंगचं भोक जरूर पाहावं. यूएसबी टाइप-सी पॉवर डिलिव्हरीमध्ये आधी चार्जर आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलतात. चार्जर सांगतो की माझ्याकडे पाच, नऊ, पंधरा, वीस व्होल्ट आहेत. लॅपटॉप त्यातला एक मागतो, आणि मगच वीज वाढते. ६५ वॉटचा एकच चार्जर त्यामुळे फोनलाही चालतो आणि लॅपटॉपलाही. सोलापूरला जाताना सॅकमधला एक जड ठोकळा कमी होतो. काही स्वस्त मॉडेलांत टाइप-सी असतं, पण त्यातून फक्त डेटा जातो. विक्रेत्याला त्या भोकातून चार्ज करून दाखवायला सांगा.

आता प्रोसेसरच्या नावांविषयी थोडं, कारण ती जरा फसवी असतात. रायझन ५ ७५२०यू मध्ये पहिला ७ हा आकडा २०२३ या मॉडेल-वर्षाचा. रचना कुठल्या पिढीची, ते तिसरा आकडा सांगतो. २ म्हणजे झेन २, ही २०१९ ची रचना. शेजारचाच ७५३०यू झेन ३ वर आहे आणि तो उजवा. इंटेलकडे पाहिलं तर २०१७ च्या आठव्या पिढीत मोठी उडी झाली. आय५-७२००यू मध्ये दोन कोअर होते, आय५-८२५०यू मध्ये चार झाले. ही आठवी पिढी पुढे लागणार आहे.

कारण हडपसरकरांच्या हाताशी एक वेगळीच खाण आहे. शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी वसवली. तिथल्या सायबर सिटीत आणि पलीकडे फुरसुंगीच्या बाजूच्या आयटी पार्कमध्ये हजारो माणसं लॅपटॉपवर काम करतात. मोठ्या कंपन्या साधारण तीन-चार वर्षांनी यंत्रं बदलतात. बाहेर पडलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक रिफर्बिश्ड म्हणून दुकानांत येतात. ही यंत्रं नवी असताना चाळीस हजारांच्या कितीतरी वर होती. बिजागर भक्कम, कीबोर्ड उत्तम, बऱ्याच मॉडेलांत रॅम बदलता येते, सुटे भाग मिळतात. एवढ्या पैशांत नवं यंत्र घेतलं तर यातलंच काहीतरी वाचवलेलं असतं.

आठवी पिढी इथे कामाला येते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, मोजके अपवाद वगळता. सहाव्या-सातव्या पिढीचं यंत्र फार स्वस्त दिसतं ते म्हणून. दहावी किंवा त्यापुढची पिढी मिळाली तर उत्तम. घेताना विंडोजमधला बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगा. मूळ क्षमता आणि आजची क्षमता त्यात शेजारी-शेजारी दिसते. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नवी बॅटरी धरूनच भाव करा. एकेक बटण दाबून बघा, प्रत्येक भोकात पेनड्राइव्ह घाला, कॅमेरा लावा. चार्जरवर बीआयएसचं चिन्ह आणि आयएस १३२५२ हा क्रमांक आहे का पाहा, कारण नकली चार्जर हीच यातली खरी धोक्याची वस्तू आहे. पक्कं बिल आणि लेखी वॉरंटी घ्या. आणि पंखा साफ करून नवी थर्मल पेस्ट लावून मागा. नखाएवढ्या सिलिकॉनमधून पंधरा वॉट उष्णता निघते. सतत बांधकामं चालू असलेल्या आपल्या भागातली धूळ पंख्यात बसली, की एप्रिलच्या उन्हात प्रोसेसर स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू होतो. मग सगळ्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

बॅटरी नवीच हवी, गावोगाव सर्व्हिस हवी, किंवा यंत्र पारखायला सोबत कुणी जाणकार नाही, अशांनी सरळ नवा घ्यावा. बाकीच्यांसाठी माझा कौल चौदा इंची, १६ जीबीच्या, टाइप-सीवर चार्ज होणाऱ्या रिफर्बिश्ड ऑफिस लॅपटॉपला.

आणि घरात सातव्या पिढीचा जुना लॅपटॉप पडून असेल तर तो भंगारात घालू नका. त्यात एसएसडी टाका आणि सी-डॅकनं तयार केलेली बॉस लिनक्स किंवा दुसरी कुठलीही हलकी लिनक्स बसवा. कोपऱ्यावरच्या शाळेत शिकणाऱ्या एखाद्या मुलीला द्या. ते यंत्र अजून बरीच वर्षं चालेल.