उमेदवाराचा जाहीरनामा काय बदलू शकतो?

आकुर्डी-निगडीच्या महाविद्यालयांत चाकणचे, तळेगावचे विद्यार्थी येतात. त्यांच्या अडचणी ठरलेल्या: वेळेवर बस, परवडणारे जेवण, मुलींसाठी स्वच्छ प्रसाधनगृह.

या अडचणी मांडायला निवडून आलेला प्रतिनिधी हवा; पण महाराष्ट्रात 1994च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका थांबल्या. 2016च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्यांची वाट पुन्हा मोकळी केली. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी थेट मतदानाने निवडण्याची त्यात तरतूद आहे. 2019चे मतदान मात्र विधानसभा निवडणुकीमुळे लांबले.

विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीने 2006 मध्ये उमेदवाराच्या खर्चाला पाच हजार रुपयांची मर्यादा आणि छापील फलकांना मनाई सुचवली. हे योग्यच झाले.

जाहीरनाम्यातल्या आश्वासनांचे मात्र वेगळे आहे: बसची फेरी वाढवणे बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलच्या हाती, उपाहारगृहाचा ठेका महाविद्यालयाच्या. प्रतिनिधी फक्त पाठपुरावा करू शकतो. म्हणून ‘बस आणेन’ म्हणणाऱ्यापेक्षा गर्दीच्या वेळा नोंदवून अर्ज देणारा उमेदवार अधिक भरवशाचा.