काळ्या वाळूतलं चुंबक

तर मंडळी, लोणावळ्याच्या ओढ्यातली काळी वाळू वाळवून कागदावर पसरा आणि खालून चुंबक फिरवा. (फोन लांब ठेवा हं, कंपास गंडतो!) जे कण ताठ उभे राहतील ते मॅग्नेटाइट: लोखंड अधिक ऑक्सिजन, इथल्या बेसॉल्टमध्ये थोडं टायटॅनियमही. धातूसारखी चमक, पाण्याच्या पाचपट जड. हे नाव 1845 मध्ये हायडिंगरने ठेवलं, ग्रीसमधल्या मॅग्नेशियावरून.

पण खरी गंमत पुढे आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना या कणांनी तेव्हाच्या चुंबकीय उत्तरेची दिशा पकडून ठेवली. खंडाळा घाटातल्या दगडात ती चक्क उलटी सापडते. म्हणजे तेव्हा कुणाकडे होकायंत्र असतं, तर त्याची उत्तरेची सुई दक्षिणेकडे वळली असती.