चौदाशे म्हणजे किती भाकऱ्या? : दैनिक उष्मांक-मर्यादेचे गणित आणि घरगुती मापांची भाषा

धान्याच्या व शिजवलेल्या अन्नाच्या मापांचे शब्द टिपून घ्यावेत या हेतूने गेल्या वर्षी मी पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक या गावी गेलो होतो. एका घरी ओटीवर बसून शब्द उतरून घेत असता घरच्या वहिनींनी आतून एक कागद आणून माझ्यापुढे ठेवला. त्यांचे गुडघे दुखत होते. वजन उतरविले पाहिजे असे त्यांना एका दवाखान्यात सांगण्यात आले होते आणि कागदावर एवढेच लिहिले होते : ‘रोज १४०० कॅलरी. भाकरी ३, भात १ वाटी, तेल कमी.’ “सर, तुम्ही मापांचंच लिहून घेताय, तर हे सांगा,” त्या म्हणाल्या, “चौदाशे म्हणजे किती भाकऱ्या? मी तीनच खाते. चार महिने झाले, काटा काही हलत नाही.”

प्रश्न आहारशास्त्राचा आहे, भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचा नव्हे, असे म्हणून तो टाळता आला असता. परंतु विचार करता ध्यानात आले की, त्यातील निम्मा भाग तरी आमच्याच शास्त्राचा आहे. कागदावरचा आकडा बहुधा बरोबर होता. चूक असलीच तर ती ‘भाकरी’ या शब्दात होती.

प्रथम आकड्याच्या एककाविषयी. गावाच्या नावातील ‘बुद्रुक’ हा शब्द फारसी ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर यावरून आलेला असून ‘खुर्द’ म्हणजे लहान, हे वाचकांस ठाऊक असेलच. कॅलरीतही असाच एक बुद्रुक आणि एक खुर्द आहे. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढविण्यास लागणारी उष्णता ही खुर्द कॅलरी; एक किलोग्रॅम पाण्याचे तेवढेच तापमान वाढविण्यास लागणारी ती बुद्रुक. आहाराच्या संदर्भात सर्वत्र बुद्रुक कॅलरीच अभिप्रेत असते. शास्त्रज्ञ तिला किलोकॅलरी म्हणतात, लोक नुसते कॅलरी म्हणतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या कोष्टकांत तर ऊर्जा किलोजूलमध्ये दिली आहे. एका किलोकॅलरीचे ४.१८४ किलोजूल होतात. कोष्टकातील १४०० हा आकडा किलोजूलचा आहे हे न पाहता तो कॅलरींचा मानणारा माणूस चौपटीहून अधिक चुकेल. मराठीत रूढ झालेला ‘उष्मांक’ हा शब्द मला बरा वाटतो. संस्कृत व्याकरणात श, ष, स, ह या वर्णांना ऊष्म म्हणतात, कारण त्यांच्या उच्चारात श्वासाची ऊब असते. अन्नातील उबेचा अंक तो उष्मांक. मात्र तो एककाचे नाव नसून मोजणीचे फळ आहे, एवढे भान ठेवावे.

आता १४०० हा आकडा येतो कोठून? देह पूर्ण विश्रांतीत असतानाही हृदय, श्वास, यकृत, मेंदू यांचे काम चालू असते व त्यास ऊर्जा लागते. ती अजमावण्यासाठी मिफ्लिन व सेंट जिऑर यांनी १९९० साली मांडलेले सूत्र आज बरेच वापरात आहे. किलोग्रॅममधील वजनाला १० ने गुणावे, सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने गुणून ते त्यात मिळवावे, वयाची पाचपट वजा करावी. नंतर पुरुष असल्यास ५ मिळवावेत, स्त्री असल्यास १६१ वजा करावेत. ४५ वर्षांची, १५५ सेंटिमीटर उंचीची, ७० किलो वजनाची स्त्री उदाहरणादाखल घेऊ. ७०० अधिक ९६९, वजा २२५, वजा १६१. उत्तर सुमारे १२८३. हा झाला विश्रांतीचा खर्च. त्यास हालचालीच्या प्रमाणात गुणावयाचे : बैठे काम असल्यास सुमारे १.४, दिवसभर शेतात राबणाऱ्यास १.८ किंवा त्याहून अधिक. घरकाम बेताचे धरल्यास १२८३ गुणिले १.४ म्हणजे जवळजवळ १८००. एवढे खाल्ल्यास वजन आहे तेथेच राहावे. त्यातून ४०० वजा केले की १४०० उरतात.

या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा म्हणजे हालचालीचा गुणक. तो मनुष्य स्वतःच ठरवितो आणि बहुधा स्वतःला अधिक कष्टाळू ठरवितो. शिवाय ही सूत्रे पाश्चात्त्य लोकांच्या मोजमापांवर बसविलेली आहेत. भारतीयांचा विश्रांतीतील खर्च आंतरराष्ट्रीय सूत्रापेक्षा सुमारे ५ टक्के कमी धरण्याची पद्धत आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने अवलंबिली होती. तेव्हा १८०० याचा अर्थ १६५० ते १९५० च्या दरम्यान कोठेतरी, एवढाच घ्यावा.

वजाबाकीच्या ४०० विषयीही एक मोठा गैरसमज आहे. एक किलो चरबीयुक्त देहभारात सुमारे ७७०० कॅलरी असतात, हा हिशेब मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी १९५८ साली पौंडाच्या भाषेत मांडला आणि तो जगभर पाठ झाला. त्यावरून रोज ४०० कमी खाल्ल्यास वर्षात १९ किलो उतरावेत. तसे घडत नाही. देह हलका झाला की त्याचा खर्चही उतरतो. केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखविले की, रोजच्या आहारात १०० किलोजूल, म्हणजे सुमारे २४ कॅलरी, कायमच्या कमी केल्यास शेवटी एक किलोच्या आसपास वजन उतरते, आणि त्यातील निम्मे उतरावयास एक वर्ष लागते. या हिशेबाने ४०० च्या कपातीचे पहिल्या वर्षाचे फळ सुमारे ८ किलो. एकोणीस ऐकून आलेला मनुष्य आठावर निराश होतो आणि मग आहार एकदम ८०० वर आणतो. अपाय होतो तो येथे. स्नायू झिजतात, अशक्तपणा येतो, आणि काही दिवसांनी सारेच सुटते.

आता पुन्हा भाकरीकडे. गागोद्याला आलो असता विनोबांची आठवण टाळता येत नाही. ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म याच गावी झाला. तरुणपणी आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन ते वाईस राहिले होते. तेथील अध्ययनाचा व दिनचर्येचा वृत्तान्त त्यांनी १९१८ च्या आरंभी गांधीजींना पत्राने कळविला. त्या पत्रात त्यांनी आपला रोजचा आहार दिला आहे : दूध ६० तोळे, भाकऱ्या २, त्या २० तोळे ज्वारीच्या, केळी ४ किंवा ५, आणि मिळाल्यास एक लिंबू. वजन उतरविण्याशी या आहाराचा संबंध नाही. ती प्रकृती सुधारण्याची व व्रताची गोष्ट होती. परंतु मापनाच्या दृष्टीने ती नोंद पाहण्यासारखी आहे. ‘भाकऱ्या २’ एवढ्यावर ते थांबले नाहीत; किती धान्याच्या, हेही त्यांनी लिहिले. म्हणूनच शंभराहून अधिक वर्षांनी आपणांस तिचा हिशेब करता येतो. तोळा ११.६६ ग्रॅमचा. २० तोळे म्हणजे २३३ ग्रॅम ज्वारी, सुमारे ८०० कॅलरी. ७०० ग्रॅम दूध गाईचे असल्यास ४७० च्या आसपास, म्हशीचे असल्यास ८०० च्या. केळ्यांचे ४००. एकूण १७०० ते २०००. आणि त्यावर चालणे व ३०० सूर्यनमस्कार.

यातील मुद्दा असा की, विनोबांची एक भाकरी ११६ ग्रॅम पिठाची, ४०० कॅलरींची होती. आहाराच्या छापील तक्त्यांत एक भाकरी पुष्कळदा ४० ग्रॅम पिठाची, म्हणजे १४० कॅलरींची धरलेली असते. शब्द एक, माप जवळजवळ तिप्पट.

आपल्या जुन्या मापांत अशी संदिग्धता नव्हती असे नाही. ‘शेर’ वजनाचा निराळा आणि मापाचा निराळा. परंतु कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही परंपरा दुपटी-दुपटीने चढत जाते आणि ती मोजते ते कच्चे धान्य. शिजवलेल्या अन्नासाठी आपली भाषा एकदम सैल होते : घास, मूठ, चतकोर, वाटी, पळी, धार. ‘चतकोर’ हा शब्द तर अपूर्णांक आहे. पूर्णांक किती मोठा, ते ज्या त्या चुलीवर ठरते. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने बाजारातले शेर-तोळे गेले. स्वयंपाकघरातली वाटी मात्र कोणत्याच कायद्याला कधी सापडली नाही, आणि सापडू नये असेच मला वाटते.

यास्तव मी वहिनींना म्हटले की, भाकरी थापण्यापूर्वी तिचे कोरडे पीठ तोलून पाहू. शेजारून छोटा काटा आणविला. नेहमीच्या अंदाजाने त्यांनी घेतलेले तांदळाचे पीठ भरले ८० ग्रॅम. उलगडा तेथल्या तेथे झाला. चाळीसच्या तीन भाकऱ्यांत ४२० कॅलरी, ऐंशीच्या तीन भाकऱ्यांत ८४०. फरक ४२० चा. कागदाने वजा केलेले ४०० भाकरीने परत मिळविले होते. वहिनींनी पथ्य मोडले नव्हते. तीन म्हणजे तीनच त्या खात होत्या.

मग ओटीवरच १४०० चा एक दिवस मांडला. तीन वेळचा चहा, प्रत्येकी अर्धा कप दुधापेक्षा कमी व एक चमचा साखर घालून, १५०. दिवसभरात ४० ग्रॅम पिठाच्या तीन भाकऱ्या ४२०. दुपारचा भात ६० ग्रॅम कच्च्या तांदळाचा, २१०. कोरडे ३० ग्रॅम वाल उसळीस, १००. मासळी १०० ग्रॅम, अंदाजे १००. रात्रीचे वरण १००, भाज्या ५०. ओले खोबरे २० ग्रॅम, ८०. तेल चार छोटे चमचे, १८०. बेरीज १३९०. तेलाच्या एका चमच्यात ४५ कॅलरी असतात. ‘धार’ सोडली तर किती चमचे गेले ते कळत नाही, म्हणून सकाळीच दिवसाचे तेल वेगळ्या वाटीत काढून ठेवणे सोपे. मासळी व वाल कमी करू नयेत, असे मी आवर्जून सांगितले. वजन उतरताना स्नायू राखावयास प्रथिने लागतात. कपात तांदळात, तेलात आणि साखरेत करावी.

हे तोलणे जन्मभर करावयाचे नाही. आठ-दहा दिवसांत हाताला मूठ कळते. काटा खरा लागतो तो देहाच्या वजनासाठी : सकाळी, अनशेपोटी, आठवड्यातून तीन-चार वेळा वजन करून सरासरी काढावी. मीठ व पाणी यांमुळे एक-दीड किलोची चढउतार होतच असते, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावरून काहीही ठरवू नये. तीन ते चार आठवड्यांत सरासरी हलली नाही तर मूळचा अंदाज चुकला असे समजून १०० ते १५० ने कमी करावे, अथवा तेवढे चालणे वाढवावे. उलट आठवड्यास देहभाराच्या १ टक्क्याहून अधिक वजन सतत उतरू लागले तर आहार वाढवावा. ७० चे ६२ किलो झाले की आपल्या उदाहरणातील स्त्रीचा खर्चही सुमारे ११० ने उतरतो. गणित तेव्हा पुन्हा मांडावे लागते. मधुमेहावर इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असणाऱ्यांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. स्त्रियांच्या बाबतीत १२०० च्या खाली कोणी स्वतः होऊन जाऊ नये.

निघताना वहिनींनी काटा परत देण्यापूर्वी शेजारणीचीही भाकरी तोलविली. ती ५५ ग्रॅमची निघाली. माझ्या शब्दपत्रिकेवर ‘भाकरी’ या नोंदीपुढे आता असे लिहिले आहे : गागोदे बु., तांदळाची, एका घरी पीठ ८० ग्रॅम, लगतच्या घरी ५५.