डिपस्टिकवर ऑइल दिसतच नाही? गेज वाचायला सोपं कसं करायचं

नुकतीच सर्व्हिसिंग झालेल्या पेट्रोल किंवा सीएनजी गाडीचं बॉनेट उघडा, पिवळ्या कडीची डिपस्टिक ओढा आणि ऑइल नेमकं कुठपर्यंत आहे ते सांगून बघा. बहुतेक जण काडी उन्हात इकडेतिकडे फिरवतात, डोळे बारीक करतात आणि शेवटी "असेल बरोबर" म्हणून परत खोचून देतात. डिझेल बोलेरोवाल्याला हा त्रास नाही. काजळीमुळे त्याचं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं आणि रेघ लांबूनही दिसते. पेट्रोल-सीएनजीमधलं नवीन ऑइल मात्र मधासारखं पारदर्शक असतं, आणि ते बघायचं असतं चकचकीत स्टीलवर!

आता "असेल बरोबर" का चालत नाही ते बघा. डॅशबोर्डवरचा लाल चहाच्या किटलीसारखा दिवा ऑइल कमी झालं म्हणून लागतो असं पुष्कळ जणांना वाटतं. पण बहुतेक गाड्यांत तो दिवा ऑइलच्या प्रेशरचा असतो, लेव्हलचा नाही. म्हणजे पंपाला ऑइल मिळेनासं झालं की तो लागतो, आणि तोपर्यंत इंजिनच्या बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं. बोदवडहून निघून ५३ नंबरच्या हायवेला लागलात की पुढे सुरत असो नाहीतर नागपूर, गाडी तासन्‌तास पळणार. त्यात मे महिना, पारा ४५ च्या आसपास. अशा वेळी इंजिन जॅम झालं तर खर्च हजारांत नाही, लाखाच्या घरात जाऊ शकतो. उलटही होतं. ऑइल दिसलं नाही म्हणून कोणी अर्धा-एक लिटर वरून ओतलं, तर फिरणारा क्रँक त्या ऑइलला घुसळून फेस करतो. फेसाने वंगण होत नाही, आणि सीलमधून गळती सुरू होते ती वेगळी.

ऑइल दिसत का नाही?

ओट्यावरच्या कोब्यावर पावसाचे पहिले थेंब पडले की काळे डाग लगेच दिसतात. तेच थेंब स्टीलच्या ताटावर पडले तर पटकन लक्षातही येत नाहीत. कोबा खडबडीत असल्यामुळे कोरडा असताना उजेड सगळीकडे विखुरतो आणि फिकट दिसतो. पाण्याने खड्डे भरले की विखुरणं कमी होतं आणि तेवढा भाग गडद दिसतो. गुळगुळीत स्टील ओलं असो की कोरडं, आरशासारखंच चमकतं. डिपस्टिकचं दुखणं हेच आहे. म्हणूनच काही कंपन्या मिन आणि मॅक्सच्या मधल्या भागावर जाळीदार रेघा कोरतात. त्या शोभेसाठी नाहीत, ऑइल धरून ठेवण्यासाठी आहेत.

तुमच्या काडीवर तशा रेघा नसतील तर घरी करता येतात. हार्डवेअरच्या दुकानातून ४०० नंबरचा पॉलिश पेपर आणा. काडी पूर्ण पुसून घ्या आणि मिन-मॅक्सच्या मधला भाग, थोडा वर-खाली धरून, आडवा घासा. उभा नको, कारण उभ्या ओरखड्यांतून ऑइल वर चढतं आणि लेव्हल खोटी दिसते. चमक जाऊन धातू मॅट झाला की थांबा. खुणा पुसून जातील इतकं घासायचं नाही. नंतर पेट्रोलने धुऊन, धागे न सुटणाऱ्या फडक्याने कोरडी करा. हा भाग घाईत उरकू नका, पेपरची रेती इंजिनमध्ये गेली तर फायद्यापेक्षा तोटाच. हे काम बॉनेटपासून लांब करा आणि तेवढा वेळ नळीचं तोंड स्वच्छ फडक्याने झाकून ठेवा. टोक प्लास्टिकचं असेल तर हा प्रयोग करू नका.

रंग लावणं, टेप गुंडाळणं, हीट श्रिंक ट्यूब चढवणं असेही जुगाड लोक करतात. माझ्या मते एकही करू नये. गरम ऑइलमध्ये रंग आणि गोंद सुटतात, आणि सुटलेला तुकडा खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पडतो. मार्करची खूणही टिकत नाही.

घासायचं नसेल तर टिश्यू पेपर आहेच. काडी काढली की पांढऱ्या टिश्यूवर आडवी ठेवून हलकेच दाबा. ऑइलचा ओला ठसा उमटतो आणि तो कुठे संपतो ते स्पष्ट दिसतं. मोबाईलने फोटो काढणार असाल तर फ्लॅश बंद ठेवा, त्याने काडी नुसती चमकते. दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने, अगदी तिरका धरायला सांगा, खुणेवर टॅप करून फोकस करा आणि झूम करून बघा. सर्व्हिसिंगच्या दिवशीचा असा एक फोटो ठेवलात, की दोन महिन्यांनी लेव्हल किती उतरली ते अंदाजाने सांगावं लागत नाही.

पण काडी कितीही चांगली दिसली तरी मोजायची पद्धत चुकली तर उपयोग नाही. गाडी सपाट जागी हवी. घरासमोरचा रस्ता बहुतेक वेळा गटारीकडे उतरता असतो, त्यापेक्षा पेट्रोल पंपाचं आवार बरं. इंजिन बंद करून निदान ५ ते १० मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरेल. काडी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. टोक कायम खालीच ठेवा. वर केलंत तर ऑइल उलटं ओघळतं. दोन्ही बाजू बघा. नळीच्या भिंतीला लागलेलं ऑइल बाहेर काढताना एका बाजूला फासलं जातं, म्हणून जी बाजू कमी दाखवते ती धरा.

थंड की गरम, हे गाडीच्या पुस्तिकेत बघून ठरवा आणि दर वेळी तसंच करा. ऑइल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. ४ लिटर ऑइल ६० अंशांनी तापलं तर जवळपास १७० मिली जास्त भरतं. मिन ते मॅक्समधलं अंतर बऱ्याच गाड्यांत १ लिटरच्या आसपास असतं, म्हणजे फरक काडीवर चांगलाच दिसतो.

लेव्हल न भरता वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ऑइलमध्ये इंधन किंवा कूलंट मिसळत असू शकतं. दुधाळ, कॉफीसारखा रंग दिसला तर गाडी चालवत न्यायची नाही, मेकॅनिकला बोलवायचं.

बाईकवाल्यांसाठी एवढंच: स्प्लेंडरसारख्या गाडीत काडी झाकणालाच असते. गाडी मेन स्टँडवर उभी करा आणि झाकण न आवळता नुसतं टेकवून मोजा. आवळून मोजलं तर काडी जास्त खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ला काडीऐवजी काचेची खिडकी असते. तिथे फक्त काच स्वच्छ पुसायची आणि गाडी सरळ धरायची.