नवी वाट जोडताना : मेंदूचा रक्तपुरवठा आणि बायपास

माजिवड्याच्या नाक्यापाशी मुंबईचा महामार्ग, नाशिकचा रस्ता व घोडबंदरचा रस्ता एकत्र येतात. एक वाट तुंबली की वाहने दुसरीकडून सोडतात. मेंदूच्या धमनीची बायपास शस्त्रक्रिया म्हणजे अशीच बाजूची वाट, असे आपण समजतो. ते निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे असे की, नवी वाट जोडण्यासाठी आधी जुन्या वाटेवरची रहदारी थोडा वेळ बंद करावी लागते. आणि मेंदूला थांबणे परवडत नाही.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागते. ते २० च्या खाली गेले की तेथील काम बंद पडते. १० च्या खाली गेले की काही मिनिटांत पेशी मरू लागतात. कारखान्यात विजेचा दाब उतरला की आधी यंत्र अडते, तसेच राहिले तर मोटार जळते. त्यातलाच हा प्रकार.

ही शस्त्रक्रिया १९६७ साली झुरिच येथे डॉ. यासारगिल यांनी प्रथम केली. कानापुढे बोट ठेवल्यास जिचा ठोका लागतो, ती कातडीखालची धमनी कवटीतून आत नेऊन मेंदूच्या पृष्ठभागावरील धमनीला सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. शिवताना आतल्या धमनीला दोन्ही बाजूंनी चिमटे लावावे लागतात. तेवढा वेळ, बहुधा वीस-तीस मिनिटे, त्या भागाने शेजारच्या धमन्यांवर भागवायचे असते. परंतु शेजार आधीच दुबळा असतो, म्हणून तर रोग्याला येथे आणलेले असते! खरी मेख ती हीच.

म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांचे काम शल्यविशारदाइतकेच मोलाचे. रक्तदाब उतरता कामा नये. श्वासयंत्राने कार्बन डायऑक्साइड फाजील बाहेर काढला, तर मेंदूच्या धमन्या आकसतात. तेही टाळावे लागते. जोड झाला म्हणजे धोका सरला असे नाही. जोडात गुठळी होऊ शकते. उलट उपाशी भागात एकाएकी रक्त लोटले तर झटके येतात, क्वचित रक्तस्रावही होतो.

आता हिशेब पाहू. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या १३७७ रोग्यांच्या पाहणीत या शस्त्रक्रियेने पक्षाघात टळल्याचे दिसले नाही. २०११ च्या अमेरिकेतील पाहणीत मानेतील मुख्य धमनी पूर्ण बंद झालेले १९५ रोगी होते. पहिल्या तीस दिवसांत त्याच बाजूचा पक्षाघात शस्त्रक्रिया झालेल्यांत शंभरी सुमारे १४, तर केवळ औषधे घेणाऱ्यांत २. दोन वर्षांचा एकूण आकडा मात्र जवळजवळ सारखा : २१ आणि २३. म्हणजे नवी वाट पुढे उपयोगी पडली. पण पहिल्या महिन्याच्या तोट्याने तो नफा खाऊन टाकला.

मग ही शस्त्रक्रिया निरुपयोगी का? नाही. ‘मोयामोया’ या आजारात मेंदूच्या तळाच्या धमन्या हळूहळू बुजतात. तेथे ती आजही केली जाते. या आजाराच्या लहान मुलाला रडू देऊ नये म्हणतात, यात केवळ माया नाही. जोराने रडताना श्वास भराभर चालतो, धमन्या आकसतात आणि पुरवठा आणखी घटतो.

कामगार वेतनाचा करार ओळ न् ओळ वाचून घेतो. पण रुग्णालयाच्या संमतीपत्रावर मुकाट्याने सही करतो. हे बदलले पाहिजे. विचारावे : डॉक्टर, चिमटा असेल तेव्हा त्या भागाला रक्त कोठून मिळेल? रक्तदाबावर नजर कोण ठेवील? नुसत्या औषधांवर राहिलो तर धोका किती? येथे अशा शस्त्रक्रिया वर्षाला किती होतात? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. घर गहाण टाकण्याआधी एवढी उत्तरे मिळणे हा रोग्याचा हक्कच होय.