संशोधन-भित्तिपत्रक

संशोधन-भित्तिपत्रक : संशोधनाचा प्रश्न, अभ्यासपद्धती आणि निष्कर्ष शब्द व चित्रे यांच्या द्वारा एकाच मोठ्या तक्त्यावर मांडून विद्वत्परिषदेत प्रदर्शित करण्याचे साधन. संशोधक तक्त्याजवळ उभा असतो. येणारे अभ्यासक तो वाचतात व प्रश्न विचारतात. व्याख्यानात श्रोता वक्त्याच्या गतीने चालतो. येथे गती वाचकाची असते आणि विषय ध्यानात न आल्यास तो काही क्षणांतच पुढील तक्त्याकडे वळतो. त्यामुळे निबंधाची छापील पाने भिंतीवर लावली म्हणजे भित्तिपत्रक होत नाही. निबंध सर्व पुरावा देतो; भित्तिपत्रक एक विधान व त्यास आवश्यक तेवढाच पुरावा देते. काय गाळावे हे ठरविणे, हाच त्याच्या रचनेतील अवघड भाग होय.

परिषदांसाठी येणाऱ्या निबंधांची संख्या वाढून प्रत्येकास व्यासपीठावर वेळ देणे अशक्य झाल्याने ही पद्धत १९६९ च्या सुमारास यूरोपातील जीवरसायनशास्त्राच्या परिषदांत सुरू झाली व १९७४ नंतर अमेरिकेत रूढ झाली. महाराष्ट्रात २००६ पासून भरणाऱ्या ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सवामुळे ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या, मोठ्या ग्रंथालयांपासून दूर असलेल्या प्रदेशातील विद्यार्थ्याचे पहिले जाहीर संशोधन पुष्कळदा याच रूपाने पुढे येते.

शीर्षक : शीर्षकात विषयाऐवजी निष्कर्ष यावा. उदा., याच जिल्ह्यातील तेर (प्राचीन तगर) येथील त्रिविक्रम मंदिर. ‘तेर येथील त्रिविक्रम मंदिराचा स्थापत्यदृष्ट्या अभ्यास’ या शीर्षकातून वाचकास काहीच हाती लागत नाही. ‘तेरचे त्रिविक्रम मंदिर मूळचा बौद्ध चैत्य असावा’ असे म्हटल्यास पुरावा पाहण्याची इच्छा होते. मात्र येथे ‘असावा’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. हे मत हेन्री कझिन्सपासून अनेकांनी मांडले असले, तरी ते अनुमान आहे. परीक्षकाचे लक्ष वेधण्यासाठी ‘असावा’चे ‘होता’ केल्यास भित्तिपत्रक ठसठशीत होते, पण संशोधन खोटे ठरते.

पुरावा व चित्रे : वरील विधानास तीन चित्रे पुरेशी होतात : मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेल्या विटांच्या वास्तूचा तलविन्यास, गजपृष्ठाकार छत व पुढे नंतर जोडलेला मंडप दाखविणारे छायाचित्र, आणि तशाच घडणीच्या, आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिराशी तुलना. गावाचा समग्र इतिहास, पेरिप्लसमधील तगराचा उल्लेख, उत्खननांत मिळालेल्या वस्तू इ. माहिती मनोरंजक असली, तरी या विधानास ती आधार देत नाही. म्हणून ती गाळावी. प्रत्येक चित्राखाली ते काय सिद्ध करते हे एका वाक्यात द्यावे. तलविन्यासावर मोजपट्टी व उत्तर दिशा दाखवावी, तसेच परक्या वाचकासाठी गावाचे स्थान दाखविणारा लहान नकाशा जोडावा.

संख्यात्मक विषयांत कोष्टकापेक्षा आलेख सुबोध असतो. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू न केल्यास किरकोळ फरकही मोठा भासतो. विहिरींच्या पाणीपातळीचा अभ्यास असेल, तर किती विहिरी व कोणत्या महिन्यात मोजल्या हे आलेखाजवळच नमूद करावे. बालाघाट डोंगररांगेमुळे या जिल्ह्यातील पाणी तेरणा-मांजरा यांच्याद्वारे गोदावरीकडे आणि सीना-बोरी यांच्याद्वारे भीमेकडे जाते. दोन्ही उतारांवरील विहिरींची एकच सरासरी काढल्यास आलेख सुटसुटीत दिसतो, परंतु मूळ फरक त्यात झाकला जातो. लाल व हिरवा हे रंग काही व्यक्तींना वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून भेद केवळ रंगाने न दाखविता रेघांच्या प्रकारानेही दाखवावा.

मांडणी व अक्षरयोजना : तक्त्याचा आकार परिषदेच्या सूचनेप्रमाणे असतो, ए-शून्य (८४१ × १,१८९ मिमी.) हा आकार विशेष प्रचलित आहे. मजकूर दोन वा तीन स्तंभांत, डावीकडून उजवीकडे व वरून खाली असा लावतात. एकूण ३०० ते ५०० शब्द पुरेसे असून सु. एक-तृतीयांश जागा मोकळी ठेवणे इष्ट ठरते. २०१९ मध्ये माइक मॉरिसन या अमेरिकन संशोधकाने मुख्य निष्कर्ष सोप्या भाषेत व मोठ्या अक्षरांत मध्यभागी देण्याची पद्धत सुचविली; गर्दीच्या दालनात ती उपयुक्त असली, तरी पुराव्यास जागा कमी उरते.

देवनागरीत मात्रा, वेलांट्या व रफार शिरोरेषेच्या वर आणि उकार खाली येत असल्याने ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा अधिक अंतर ठेवावे लागते. जोडाक्षरे लहान आकारात भरून जातात; म्हणून मुख्य मजकूर दीड मीटर अंतरावरून आणि शीर्षक चार-पाच मीटर अंतरावरून वाचून पाहावे. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांतील मजकूर दुसऱ्या संगणकावर विस्कटतो. यासाठी युनिकोड टंक वापरावा, छपाईस पीडीएफ धारिका द्यावी व फ्लेक्स छापण्यापूर्वी लहान कागदावर नमुना काढून शुद्धलेखन तपासावे.

निवेदन : प्रश्न, पद्धत, निष्कर्ष व मर्यादा सु. दोन मिनिटांत सांगता याव्यात. तक्ता वाचून दाखवू नये. गाळलेल्या माहितीची टिपणे जवळ ठेवावीत, कारण जाणकाराचे प्रश्न बहुधा तिच्याविषयीच असतात. परिषद संपल्यावर भित्तिपत्रक गुंडाळून ठेवले जाते. ज्या गावातील वास्तू वा विहिरी अभ्यासल्या, तेथील शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ते लावल्यास निष्कर्ष संबंधितांपर्यंत पोहोचतात. त्यांतील चूकही तेथे प्रथम ध्यानात येते, कारण तेथील वाचकास त्या वास्तूची व त्या विहिरीची प्रत्यक्ष माहिती असते.